वायर कापायचं कारणच काय?

एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिअंटमधला फरक बऱ्याचदा डॅशबोर्डावरच उघड दिसतो. वर टचस्क्रीन, सहा स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा. खाली साधा रेडिओ, किंवा रेडिओच्या जागी नुसतंच प्लास्टिकचं झाकण. म्हणून हिशेबी माणूस खालचं व्हेरिअंट घेतो आणि म्युझिक बाहेरून बसवतो. यात गैर काहीच नाही, शहाणपणच आहे. पण स्टिरिओ कोणता घ्यायचा यावर आठवडाभर खल होतो, स्पीकरच्या किमतीवर घासाघीस होते, आणि ज्यावर पुढची सात-आठ वर्षं सगळं अवलंबून आहे त्या जोडणीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. डॅशबोर्ड खोलला जातो, गाडीच्या मूळ वायरिंगच्या टोकाचा कपलर कटरने छाटला जातो, वायरी सोलून नव्या स्टिरिओच्या वायरींशी पिळल्या जातात, वर काळी टेप. अर्ध्या तासात गाणं सुरू आणि बिल चुकतं. माझं म्हणणं एवढंच, की गाडीची मूळ वायर कापायला सबळ कारण जवळपास कधीच नसतं. गाडीचा कपलर आणि स्टिरिओचा कपलर यांच्यामध्ये बसणारी वीतभर लांबीची जोडवायर, जिला बाजारात हार्नेस, अ‍ॅडॅप्टर किंवा नुसतं 'कपलर' म्हणतात, ती तयार मिळाली तर विकत घ्यावी आणि न मिळाली तर बनवावी किंवा बनवून घ्यावी. सोय हा तिचा दुय्यम फायदा. खरा फायदा असा, की जोडणीत चूक व्हायचीच असेल तर ती त्या वीतभर तुकड्यात होते. तो तुकडा काढून फेकता येतो. गाडीचं वायरिंग फेकता येत नाही.

मुळात हा मधला तुकडा लागावाच का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात आहे. मोटारीत रेडिओ बसवण्याचा धंदा प्रामुख्याने मोटार कंपन्यांच्या बाहेर वाढला. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंगने 'मोटोरोला' नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि पुढे कंपनीनेच ते नाव घेतलं. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा ऑटोसुपर आला. ते रेडिओ व्हॉल्व्हचे, अवजड आणि महाग. त्यांच्यापुढची अडचण जागेची आणि व्हॉल्व्हना लागणाऱ्या जादा व्होल्टेजची होती. कपलरचा विचार कोण करणार? रेडिओ आटोपशीर झाल्यावर जर्मनांनी डॅशबोर्डातल्या त्याच्या खिडकीचं माप ठरवून टाकलं, सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हेच माप पुढे आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकात गेलं. आपल्याकडचे दुकानदार 'सिंगल डिन' म्हणतात ते हे, आणि उंची दुप्पट केली की 'डबल डिन'. पाठीमागच्या जोडणीसाठीही आयएसओ १०४८७ हे मानक झालं: आठ पिनांचे दोन ठोकळे, एक विजेचा आणि एक स्पीकरचा. युरोपातल्या कंपन्यांनी ते बऱ्यापैकी पाळलं. जपानी आणि कोरियन कंपन्यांनी आपापले कपलर चालू ठेवले. टोयोटाची दहा आणि सहा पिनांची जोडगोळी वेगळी, सुझुकीचा वीस पिनांचा कपलर वेगळा, ह्युंदाईचा आणखी वेगळा. आपल्या रस्त्यांवर मारुती आणि ह्युंदाई यांचीच गर्दी, त्यामुळे युरोपच्या मानकाचा आपल्याला अर्धामुर्धाच उपयोग. बिल्ला पाहून कपलर ओळखावा तर तेही खरं नाही. २०१९ मध्ये आलेली टोयोटा ग्लान्झा ही मारुतीच्या बलेनोचीच आवृत्ती. बोनेटवरचा बिल्ला बघून टोयोटाचा कपलर मागवणाऱ्याला दुकानात दुसरी चक्कर ठरलेली.

स्टिरिओच्या बाजूचे रंग मात्र एव्हाना जगभर रुळले आहेत. पिवळी म्हणजे डायरेक्ट, बॅटरीकडून कायम येणारे बारा व्होल्ट, लाल म्हणजे इग्निशन, चावी फिरवल्यावर येणारे, काळी अर्थ, निळी अँटेनाला वीज देणारी, निळ्यावर पांढरी रेघ असलेली अ‍ॅम्पला जागं करणारी, नारिंगी हेडलाइट लावल्यावर पडदा मंद करणारी. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह. ही यादी पाठ झाली की काम जमलं असं वाटतं आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात, कारण गाडीच्या बाजूच्या रंगांना ही यादी ठाऊक नसते. याचं गाजलेलं उदाहरण फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांचं. कपलर आयएसओचाच, ढकलला की खट्कन बसणारा. मानकानुसार विजेच्या ठोकळ्यात चौथ्या पिनेवर डायरेक्ट आणि सातव्या पिनेवर इग्निशन हवं. या गाड्यांत नेमकं उलटं. स्टिरिओ लागतो, गाणी वाजतात, कोणाला शंका येत नाही. चावी काढली की मात्र घड्याळ, लावून ठेवलेली स्टेशनं, आवाजाची सेटिंग, सगळं पुसलं जातं, कारण ज्या वायरवर स्टिरिओची स्मृती जगते तीच चावीबरोबर मेलेली असते. मालक स्टिरिओला बोल लावतो, दुकानदार स्टिरिओ बदलूनही देतो, आणि नवा आलेला तसाच विसरभोळा निघतो. कित्येक तयार हार्नेसमध्ये पिवळ्या आणि लाल वायरींच्या मधोमध दोन छोटे सुटे होणारे जोड दिलेले असतात ते याचसाठी. ते काढून एकमेकांत अदलाबदल केले की प्रश्न मिटतो. अ‍ॅडॅप्टर म्हणजे काय ते इथे नीट कळतं. प्लास्टिकचा आकार जुळवणं ही सोपी बाजू. कोणत्या पिनेवर काय येतं हे खात्रीने जाणणं ही अवघड बाजू, आणि किंमत आहे ती याच माहितीला.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. इग्निशनची वायर शोधायचा कंटाळा आला की पिवळी आणि लाल दोन्ही डायरेक्टवर घालून मोकळं व्हायचं, 'बटणाने बंद करा साहेब' म्हणून सांगायचं. हिशेब करून बघू. व्यवस्थित जोडलेला बंद स्टिरिओ स्मृतीपुरते काही मिलिअँपिअर घेतो. पाच धरले तर महिन्याला ३.६ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीला जाणवणारही नाही. पण लाल वायरवर सतत वीज राहिली आणि आतलं निम्मंअधिक सर्किट जागं राहून अर्धा अँपिअर ओढू लागलं, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास. गाडी बिल्डिंगखाली लावून लग्नाला गावी गेलेला माणूस तीन दिवसांनी परत येतो आणि वॉचमनला हाक मारून धक्का द्यायला लावतो.

स्पीकरच्या वायरींमध्ये अशीच एक फसवी जागा आहे. जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर थेट बॉडीला जोडलेली असायची, त्यामुळे 'निगेटिव्ह म्हणजे अर्थ' ही समजूत अनेक जुन्या कारागिरांच्या हातात मुरलेली आहे. आजच्या स्टिरिओत तसं नसतं. बारा व्होल्टांत जास्त आवाज काढण्यासाठी आतला अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या दोन्ही टोकांना ढकलतो. एक टोक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं. आवाज बंद असताना मीटर लावून पाहावं: स्पीकरच्या दोन वायरींच्या मध्ये जवळपास शून्य, पण त्यांतली कोणतीही एक आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये सहा-सात व्होल्ट. अशी वायर अर्थला टेकवली की अ‍ॅम्पचं अर्धं अंग शॉर्ट होतं. आयसीत संरक्षण असेल तर स्टिरिओ गप्प बसतो, नशीब खोटं असेल तर आयसी जातो. मागच्या दोन स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी एकत्र करून एक वायर वाचवणं हाही त्याच जातीचा शहाणपणा. अशा स्टिरिओसाठी बनवलेल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये चारही जोड्या, आठही वायरी स्वतंत्र असायलाच हव्यात. गाडीत सातच निघाल्या तर आठवी स्पीकरपर्यंत नवी ओढावी लागते. अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघालाच आहे तर वॅटबद्दलही सांगून टाकतो. खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' छापलेलं असतं आणि पाठीमागे १० अँपिअरचा फ्यूज. १४.४ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे आत जाणारी वीजच १४४ वॅट. बाहेर सलग २०० कुठून येणार? खोक्याकडे दुर्लक्ष करून फ्यूज वाचावा आणि वायरची जाडी फ्यूजवरून ठरवावी.

आता सर्वांत मोठा आक्षेप. इतकी वर्षं सगळे पिळून, टेप लावूनच जोडत आले, लाखो गाड्या चालताहेत, मग हा खटाटोप कशाला? चालताहेत हे खरं आहे. पण पिळलेला जोड पहिल्या दिवशी चांगलाच असतो. प्रश्न चौथ्या वर्षाचा आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो आणि उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जातो. टेपचा डिंक पातळ होऊन ओघळतो, टेप सैल होते, वायरी चिकट होतात. कोकणात उलट तऱ्हा: दमट हवा तांब्याच्या उघड्या तारांमध्ये शिरते आणि वरून हिरवट थर चढतो. रस्त्यांचे हादरे सगळीकडे सारखेच. अशा जोडात ०.२ ओहम एवढाच अडथळा तयार झाला असं समजा, साध्या मीटरवर धड दिसणारही नाही इतका. मोठ्या आवाजात ८ अँपिअर प्रवाह त्यातून गेला तर १.६ व्होल्ट तिथेच पडतात आणि ८ गुणिले ८ गुणिले ०.२ म्हणजे जवळपास १३ वॅट उष्णता त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत तयार होते. बारीक कामाची सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटची असते. डॅशबोर्डामागे, प्लास्टिक आणि फोमच्या संगतीत, टेपखाली झाकलेली. फ्यूज हे पकडत नाही, कारण प्रवाह ८ अँपिअरच आहे, ठरल्या मर्यादेत. तुलनेला, ०.७५ चौरस मिलिमीटरची फूटभर चांगली तांब्याची वायर तेवढ्याच प्रवाहाला अर्धा वॅटही खात नाही. म्हणजे दोष वायरचा नसतो, जोडाचा असतो. लाखो गाड्या चालतात, कारण बहुतेक लोक आवाज मध्यमच ठेवतात आणि बहुतेक जोड आधी कुरकुर करतात: आवाज वाढवला की स्टिरिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो. तोवर मूळ कपलर कचऱ्यात गेलेला असतो आणि तो दोष शोधणाऱ्यासमोर सोळा कापलेली टोकं लोंबत असतात.

मग चांगला जोड कसा असतो? गाड्यांच्या कारखान्यांत वायरिंग हार्नेस बनतात तिथे पिनांचे जोड जवळजवळ सगळे दाबून, म्हणजे क्रिम्प करून, केलेले असतात. कपलरमधली पत्र्याची पिन हातात घेऊन पाहिली तर तिच्या शेपटीला पंखांच्या दोन जोड्या दिसतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर मिटते, मागची वायरच्या आवरणावर. पुढच्या पंखांचं काम वीज नेणं. योग्य पान्याने दाबले की तारा एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवेला जागा राहत नाही, आणि हवा नाही म्हणून गंजही नाही. मागच्या पंखांचं काम ताण घेणं, म्हणजे हादरा बसला तर तो तांब्यावर न जाता आवरणावर जावा. साध्या पकडीने चेपलेली पिन दिसायला तशीच दिसते, पण पंख आत वळून तारांत रुतत नाहीत. ओढली की वायर हातात येते. म्हणून प्रत्येक पिन दाबल्यावर ओढून पाहायची, नंतर कपलरमध्ये घालताना तिच्या पाठीवरची बारीक जीभ अडकल्याचा 'टक्' आवाज ऐकायचा आणि पुन्हा एकदा ओढायचं. चुकीच्या घरात गेलेली पिन काढायला त्या मापाचा पिन-एक्स्ट्रॅक्टर मिळतो. कारागीर सिरिंजची बोथट केलेली सुईही वापरतात, आणि गोल पिनांना ती खरोखर चालते.

इथे जाणकार म्हणतील की सोल्डर त्याहून पक्कं. टेबलावर ठेवायच्या उपकरणात असेलही. गाडीत अडचण अशी की वितळलेलं सोल्डर तारांच्या फटींतून आवरणाखाली चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो, नेमक्या त्याच रेषेवर हादऱ्यांनी तारा एकेक करून तुटतात, आणि तेही आवरणाच्या आत, न दिसता. तरीही सोल्डर त्याज्य आहे असं मी म्हणणार नाही. क्रिम्पिंगचा योग्य पाना नसेल, तर नीट केलेलं सोल्डर, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह आणि दोन्ही बाजूंनी वायर बांधून हलणार नाही अशी केलेली, हा पकडीने चेपलेल्या पिनेपेक्षा केव्हाही बरा मार्ग. स्लीव्ह वायर जोडायच्या आधी ओवायची असते, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं. वायर मात्र बहुतारी ऑटो वायरच घ्यावी. घरच्या फिटिंगची उरलेली वायर ७० अंशांसाठी केलेली असते. गाडीसाठीची चांगली वायर १०५ अंशांपर्यंत दम धरते. पिवळी आणि काळी एक चौरस मिलिमीटरची, स्पीकरच्या वायरी पाऊण, बाकीच्या इशाऱ्याच्या वायरी अर्ध्या चौरस मिलिमीटरच्याही पुरतात.

बनवण्यातला सगळ्यांत नाजूक टप्पा पिनांच्या नकाशाचा, आणि तिथे अगदी हुशार माणूसही फसतो. कपलरचा नकाशा दोन बाजूंनी काढता येतो: पिनांच्या तोंडाकडून किंवा वायरी शिरतात त्या पाठीकडून. एका बाजूने डावीकडून उजवीकडे एक ते आठ असेल, तर दुसऱ्या बाजूने तेच आकडे उजवीकडून डावीकडे येतात. नकाशा तोंडाकडचा आणि आपण पाठीकडून पाहत असलो की डायरेक्टच्या जागी भलतीच पिन भरली जाते. म्हणून नकाशा समोर असला तरी त्याच्यावर विसंबू नये, मीटरला विचारावं. चावी काढलेली असताना बॉडी आणि पिन यांच्यामध्ये बारा व्होल्ट दाखवते ती डायरेक्ट. चावी फिरवल्यावर येतात ती इग्निशन. पार्किंग लाइट लावल्यावर येतात ती इल्युमिनेशन. काहीच न दाखवणाऱ्या आणि एकमेकींत तीन ते चार ओहम दाखवणाऱ्या दोन पिना म्हणजे स्पीकर. चार ओहमचा स्पीकर मीटरवर चारपेक्षा जरा कमीच दिसतो. कोणता स्पीकर आणि कोणतं टोक पॉझिटिव्ह, यासाठी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. क्षणभर टेकवला की दारातून 'टप्' ऐकू येतं, आणि सेलचं पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला लागलं असेल तर कोन बाहेर सरकतो. एका स्पीकरची वायर उलटी गेली तरी आवाज येतोच, फक्त ढोलकी आणि तबल्याचा खर्ज हरवतो, कारण एक कोन हवा ढकलत असताना दुसरा ओढत असतो. लोक मग वूफर विकत घेतात. वायर कापणाऱ्याला या चाचण्या करायला कोणी बंदी केलेली नाही, हे खरं. पण अ‍ॅडॅप्टर करणाऱ्याला त्या टाळताच येत नाहीत, कारण पिनेचं घर ठरवल्याशिवाय त्याचं काम पुढे सरकत नाही. डॅशबोर्डातल्या पिवळ्या आवरणाच्या कपलरांना मात्र मीटरही लावायचा नाही. ते एअरबॅगचे असतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हिंडणाऱ्याला काही शे रुपयांत तयार कपलर मिळत असेल, ऑनलाइन घरपोच येत असेल, तर बनवत कोण बसणार? बरोबर आहे, मिळत असेल तर घ्यावाच. पण घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, टोकाची वायर जरा खरवडून आत तांबंच आहे ना, की तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तशी वायर तांब्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी वीज वाहते आणि दाबलेल्या पिनेत हळूहळू सैल पडते. दोन, सगळ्या पिना मीटरने एकदा तपासून स्टिरिओला लावायचा. आणि तयार माल कुठे संपतो तेही लक्षात घ्यावं. वीस वर्षांची गाडी, परदेशातून आलेली गाडी, आधीच्या मालकाने अर्धवट कापलेलं वायरिंग, एका गाडीतला मूळ स्टिरिओ दुसऱ्या गाडीत बसवायचा हट्ट, मध्येच अ‍ॅम्पसाठी फाटा काढायचा बेत, यांसाठी दुकानात पुडी मिळत नाही. युरोपीय गाड्यांतली आणखी एक गंमत म्हणजे अँटेनाच्या बुडातल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. बाहेरचा स्टिरिओ ती देत नाही, आणि मग विविध भारतीच्या जागी नुसती खरखर. निळ्या वायरवरून त्या केबलला वीज पोचवणारा छोटा जोड अ‍ॅडॅप्टरमध्येच बसवला की स्टेशनं परत येतात. अशा ठिकाणी बनवता येणं हाच उपाय. एक जोड मात्र नाकारण्यासारखा आहे. व्हिडिओवाल्या स्टिरिओला हँडब्रेकची एक वायर असते, गाडी उभी असतानाच सिनेमा दिसावा म्हणून. ती कायमची अर्थला लावून 'चालत्या गाडीतही दिसेल' असं दुकानदार कौतुकाने सांगतो. ती वायर हँडब्रेकच्या स्विचलाच जावी.

तिसरा मुद्दा वॉरंटीचा. 'बाहेरून काही बसवलंत तर वॉरंटी गेली' हे वाक्य सर्व्हिस सेंटरमध्ये इतकं सरसकट ऐकायला मिळतं की लोक तो कायदाच समजतात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू न देणं हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका होता. त्याच आदेशात असंही म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबलं, आणि काउंटरवरचा माणूस आजही जुनंच वाक्य म्हणतो. पण त्या आदेशातला तर्क आपल्या कामाचा आहे. बिघाड बाहेरच्या कामामुळे झाला का, हा प्रश्न आला की कापलेलं वायरिंग मालकाच्या विरोधात साक्ष देतं: उद्या वायपर बंद पडला तरी बोट त्या टेपकडे जाणार. अ‍ॅडॅप्टर असेल तर सर्व्हिसिंगला देण्याआधी तो काढून मूळ रेडिओ लावता येतो, आणि मूळ हार्नेसला कोणी हात लावलेला नाही हे डोळ्यांना दिसतं. गाडी विकतानाही तेच. आपल्याकडे नव्यापेक्षा जुन्या गाड्यांचे व्यवहार जास्त होतात. पारखी गिऱ्हाईक स्टिरिओच्या मागे हात घालून पाहतं.

उरला सर्वांत वजनदार आक्षेप: आता गाड्या संगणकावर चालतात, तिथे पिवळी-लालची विद्या काय कामाची? बॉशने १९८६ साली कॅन ही पद्धत मांडली आणि पाचेक वर्षांत ती मर्सिडीजच्या गाड्यांत आली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवरून गाडीतले सगळे भाग आपापले निरोप पाठवतात. अशा अनेक गाड्यांत स्टिरिओकडे इग्निशनची वायर येतच नाही. चावी फिरल्याचा निरोप येतो. मीटर लावला तर दोन्ही वायरींवर अडीचेक व्होल्ट दिसतात, आणि हीच इग्निशन असेल असं समजून तिच्यावर टेस्ट लॅम्प टेकवणारा कारागीर डॅशबोर्डावरचे सगळे दिवे पेटवून बसतो. पण यातून अ‍ॅडॅप्टरची गरज संपते की वाढते? तोच अ‍ॅडॅप्टर आता एक छोटी डबी पोटात घेऊन येतो, अँड्रॉइड स्टिरिओबरोबर 'कॅनबस बॉक्स' म्हणून मिळते ती. ती निरोप वाचते आणि स्टिरिओला हवी ती लाल वायर तयार करून देते. स्टिअरिंगवरची बटणं बऱ्याच गाड्यांत अजून साध्या रेझिस्टरवर चालतात, प्रत्येक बटणाला वेगळा ओहम, आणि स्टिरिओ ती आकडेवारी शिकून घेतो. तिथे दोन वायरी नेऊन दिल्या की झालं. कॅनच्या वायरी कापणं मात्र खरोखर महागात पडतं, कारण त्यांच्यावर फक्त गाणी अवलंबून नसतात.

ज्या गाड्यांत एसी, कॅमेरा, गाडीच्या सेटिंग सगळं एकाच मूळ पडद्यात गुंफलेलं आहे, तिथे पडदा बदलण्याच्या भानगडीत पडू नये, हे मी मान्य करतो. तिथे मूळ स्टिरिओ जागच्या जागी ठेवून त्याच्या मागे दोन तोंडांचा अ‍ॅडॅप्टर घालावा: एका टोकाला गाडीचा नर कपलर, दुसऱ्याला मादी, आणि मधून स्पीकरच्या चार जोड्या बाहेर काढून अ‍ॅम्पच्या हाय-लेव्हल इनपुटला नेलेल्या. अ‍ॅम्पमधून सुधारून आलेला आवाज त्याच अ‍ॅडॅप्टरमधून परत गाडीच्या स्पीकर वायरींना मिळतो. अ‍ॅम्पची जाड वायर तेवढी थेट बॅटरीवरून ओढावी लागते, तिला कपलरचा पर्याय नाही. ५०० वॅटच्या अ‍ॅम्पला ५०-६० अँपिअर लागू शकतात, आणि बॅटरी शॉर्ट झाली तर याच्या कितीतरी पट प्रवाह सोडते. म्हणून या वायरचा फ्यूज अ‍ॅम्पजवळ ठेवून भागत नाही. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, वायर इंजिनाच्या बाजूने आत येते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवं, आणि फ्यूजचा आकडा अ‍ॅम्पच्या खोक्यावरून न घेता वायरच्या जाडीवरून घ्यायला हवा.